लागोम म्हणजे बेताचं

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीला बाबागाडीत झोपवून टोकियोच्या ओजिमा भागातल्या एका कॉफीच्या दुकानाबाहेर फुटपाथवर ठेवलं आणि स्वतः आत उबेला बसून दालचिनीचा पाव खाल्ला. एवढंच झालं. पुढे पोलीस वगैरे आले, पण ते ओघानेच आलं. हा मूर्खपणा माझा असला तरी त्यामागची कल्पना माझी नव्हती. माझ्या डोक्यात स्वतःच्या कल्पना क्वचितच येतात. ती माझ्या बायकोच्या मावसभावाची होती. जगात चांगलं म्हणून जे काही आहे ते स्वीडनमध्ये सुरू झालं आणि इतरत्र पोचता पोचता बिघडलं, यावर त्याच्याइतकी श्रद्धा असलेला माणूस खुद्द स्वीडनमध्येही सापडणार नाही.

बायको त्याला दादा म्हणते (तो तिला 'मने'), म्हणून मीही. समोर मी त्याला 'दादा, तुम्ही' असं म्हणतो. कागदावर 'तो' म्हणून घेतोय, तेवढाच सूड. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तो नोकरीनिमित्त तीन वर्षं स्वीडनमध्ये होता. आता त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत यंत्रमानवांचे गुडघे तयार करतो. वहिनी आणि मुलगा रोहन, दहावीचं वर्ष म्हणून, पुण्यात. त्यामुळे दर शनिवारी तो गाडी पकडून आमच्याकडे जेवायला येतो आणि जेवताना आम्हाला कसं जगावं ते शिकवतो. राहतो जपानमध्ये, पण आजूबाजूला जपान आहे याची त्याने अजून दखल घेतलेली नाही. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा दारात बूट काढत, शेजारच्या आजींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "स्वीडनमध्ये घरात कुणी बूट घालत नाही!" आजी त्या क्षणी स्वतःच्या दारात बूटच काढत होत्या. बायको म्हणाली, "दादा, आजोळी आपण चपला काय देवघरात काढायचो का रे?" पण त्याला ते ऐकू आलं नाही. सोयीचं नसलेलं त्याला ऐकू येत नाही. हे मात्र त्याने स्वीडनमधून आणलेलं नाही, हे आमच्या सासरवाडीचं.

"हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात" हे त्याचं आवडतं तिकडचं सुभाषित. एकदा तुफानाच्या इशाऱ्याने सगळ्या गाड्या बंद असताना हा तीन थरांचा रेनकोट चढवून सायकलवरून संस्थेत गेला. संस्था बंद होती. रखवालदाराने नम्रपणे, हवा फार वाईट आहे, असं सांगितलं, तर त्याला दादाने फाटकात उभं राहून कपड्यांविषयी माहिती दिली. परतताना वाऱ्याने सायकल त्याच्या हातून सोडवून घेतली आणि शेजारच्या मुळ्याच्या शेतात नेऊन ठेवली. कपडे मात्र उत्तम होते. हिवाळ्यात साडेचारला अंधारायला लागलं की तो खिडकीत ओळीने मेणबत्त्या लावतो, कारण तिकडे लावतात. पहिल्या वर्षी ते बघून शेजारचे गृहस्थ काळा टाय लावून सांत्वनाला आले. दादाने त्यांना कॉफी पाजली. कोण गेलं, ते त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

कॉफीवरून आठवलं. दुपारी तीनला हातातलं काम टाकून सगळ्यांनी एकत्र कॉफी प्यायची, पाव खायचा आणि कामाचं सोडून बोलायचं, याला तिकडे म्हणे 'फीका' म्हणतात. (दादाच्या हातची कॉफी पाहता नाव योग्य आहे.) हा प्रकार त्याने संस्थेत सुरू केला. जपानी सहकारी पाच मिनिटं आधीच हजर. पहिल्या दिवशी सगळे उभेच राहिले. दुसऱ्या आठवड्यात कुणी कशावर बोलायचं त्याचा तक्ता लागला आणि तिसऱ्या आठवड्यापासून गप्पांचं इतिवृत्त ईमेलने यायला लागलं. "मुद्दा तीन : सातो-सान यांच्या मांजराची प्रकृती. पुढील बैठकीत आढावा." दादा हे हताश होऊन सांगतो. मांजर आता बरं आहे.

पण या सगळ्याच्या वर त्याचा एक शब्द आहे : लागोम. जास्त नाही, कमी नाही, अगदी हवं तेवढं. घर लागोम, काम लागोम, बोलणं लागोम. शेवटचं तो स्वतः पाळत नाही. "या शब्दाला जगातल्या कुठल्याही भाषेत प्रतिशब्द नाही," असं त्याने एका शनिवारी आमटी वाढून घेता घेता जाहीर केलं.

"बेताचं," बायको म्हणाली.

"काय?"

"बेताचं. कणीक बेताची भिजव, मीठ बेतानं घाल. मावशी रोज म्हणायची की रे तुला."

दादा इतका दुखावला की त्याने आमटी लागोम खाल्ली.

आता मूळ मुद्दा. माझ्यासाठी बायको पुण्यातली चांगली नोकरी सोडून इथे आली. पाच वर्षांत तिने जपानीच्या परीक्षा दिल्या, कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, उभं राहून तास भरले, मुलगी झाली, आणि आता एप्रिलपासून तिला इथे तिच्या शिक्षणाची पहिली खरी नोकरी मिळत होती. पाळणाघराने मात्र जागा नसल्याचं अत्यंत नम्र पत्र पाठवलं. दादा म्हणाला, "त्यात काय! जावईबापू सहा महिने रजा घेतील. तिकडे सगळे बाप घेतात. इथेही कायद्यात आहे, फक्त कुणी मागत नाही." बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "उद्याच साहेबांना विचारतो." हा 'उद्या' पुढे तीन आठवडे चालला. मी रोज विचारायच्या तयारीने जायचो आणि साहेबांना "ओत्सुकारेसामा", म्हणजे 'आज खूप श्रमलात', एवढंच म्हणून परत यायचो.

त्या फेब्रुवारीतल्या दिवशी बायको नव्या कंपनीत कागदपत्रांसाठी गेली होती आणि मी प्रथमच दिवसभर मुलीबरोबर एकटा होतो. मला छाप पाडायची होती. तिकडे म्हणे थंडीत बाळांना बाहेर मोकळ्या हवेत झोपवतात, आईबाप आत कॉफी पितात, बाळं गुटगुटीत होतात. मी तिला चार कपडे चढवले, टोपी घातली, गाडी लावली आणि आत गेलो. पंधरा मिनिटांनी दुकानाबाहेर गर्दी दिसली. मला वाटलं, कुणी नट-नटी आली असेल. मी कप घेऊनच बाहेर गेलो आणि एका आजींना विचारलं, काय झालं? आजी म्हणाल्या, कुणीतरी बेजबाबदार माणूस तान्हं बाळ टाकून गेलाय. मी जीभ टाळ्याला लावून "च् च् च्" केलं. दुसऱ्या आजींनी स्वतःच्या गळ्यातला मफलर बाळाला पांघरला, तेव्हा खालची गोधडी माझ्या सासूबाईंनी शिवलेली आहे हे माझ्या लक्षात आलं.

शेजारच्या चौकीतून पोलीस आला. मी त्याला घाबरून फक्त "सुवेदेन, सुवेदेन" असं सांगत राहिलो, तर त्याने राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात स्वीडन लिहिलं. मग त्याने विचारलं, "घरात दुसरी कुणी जबाबदार व्यक्ती आहे का?" 'दुसरी' हा त्याचा मोठेपणा. मी क्षणाचाही विलंब न लावता बायकोचा नंबर दिला.

संध्याकाळी दादा आला, बायकोनेच बोलावलं होतं. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"दादा, मी कंपनीला उद्या 'नाही' म्हणून कळवतेय. याच्या भरवशावर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. केलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही सांगा ना हिला. स्वीडनमध्ये झोपवतात की नाही बाहेर?"

मला जन्मात 'जावईबापू, तुम्ही'च्या खाली न उतरलेला हा माणूस म्हणाला, "गाढवा, झोपवतात! पण काचेशी बसतात. नजर काढत नाहीत. तू कुठे बसला होतास?"

"भिंतीकडे तोंड करून. हीटर तिकडे होता."

शांतता असली की मी भरून काढतो, ही माझी जुनी खोड. म्हटलं, "तुम्ही रोहनच्या वेळी खिडकीशीच बसत असाल, नाही?"

सोयीचं नसलेलं हे मात्र दादाला ऐकू आलं.

"मी नव्हतोच," तो म्हणाला. "रोहन झाला तेव्हा साहेबाने विचारलं, रजेवर कधी जातोस? मी म्हटलं, छे, बायको आहे की घरी. मला काहीतरी दुखतंय, अशा नजरेनं बघितलं त्यानं. तिकडचे बाप खालून गाड्या ढकलत जायचे आणि मी वरून, ऑफिसच्या काचेतून बघायचो. मी सगळं स्वीडन काचेतूनच शिकलो, मने. मेणबत्त्या आणल्या बॅग भरून. आणण्यासारखं होतं ते तिथेच ठेवून आलो."

मुलीने त्याचा चष्मा ओढला. त्याने ओढू दिला.

"रविवारी फोन केला की रोहन म्हणतो, 'बरंय बाबा, आईला देतो.' चार शब्द. तू नोकरी सोडू नकोस. याला बसव घरी. चुका करेल. करू दे. माझ्याकडून बघ, एकही झाली नाही."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हटलं, "मी साहेबांना अजून विचारलेलंच नाहीये."

"माहितीये," बायको म्हणाली. "उद्या विचार. नऊ वाजता. मग मी काय कळवायचं ते ठरवते."

नऊ वाजता विचारलं. साहेबांनी दातांतून बराच वेळ श्वास आत ओढला, रजेचा अर्ज दोनदा वाचला आणि एकच शंका काढली : "त्या काळात बाळाकडे कोण बघणार?"

"मी."

"तुम्ही," साहेब म्हणाले, आणि चौकीचा अहवाल त्यांच्यापर्यंत पोचला असावा असं मला उगीच वाटून गेलं. पण शिक्का मारला.

एप्रिलमध्ये बायको कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात दादा सुट्टी काढून आला. मुलगी बाल्कनीत गाडीत झोपली होती. त्याने खुर्ची उचलली, काचेशी, बाहेर तोंड करून लावली आणि बसला. ती उठली तेव्हा माझ्याआधी तो पोचला. त्याच्या खांद्यावर ती पुन्हा झोपली. तीन वाजले, मी कॉफी आणून ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दादाचा फीका चुकला. हात मोकळा नव्हता. कॉफीवर साय धरली. मी दादाच्या फोनवर दोघांचा फोटो काढला, तो दादाने एका हाताने रोहनला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं : "बाबा, तिची टोपी डोळ्यांवर आलीये. नीट करा."

दादाने टोपी नीट केली. मग बोटं दुमडून मोजलं. "सात शब्द," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

संध्याकाळी बायको आली. मुलगी जिवंत होती, भात करपला होता, आणि धुतलेल्या कपड्यांत माझा फोनही धुऊन निघाला होता. मी तिला म्हटलं, "खरं सांग. बाप म्हणून कसा आहे मी?"

तिने एकदा मुलीकडे बघितलं, एकदा दोरीवर चिमट्याने टांगलेल्या फोनकडे, आणि म्हणाली, "माया भरपूर. उत्साह भरपूर. अक्कल तेवढी लागोम."