गाडीची बटणं माझ्या हातात

आमच्या गाडीत स्टेरिंग सुनेच्या हातात आणि बटणं माझ्या हातात. आधीच सांगून ठेवते, म्हणजे कुणी "म्हातारी फिरायला निघाली" असं म्हणायला नको. फिरायला न्हाई, मी कामाला जाते.

बटणं म्हणजे रेडिओची आणि घड्याळाची. दोन्ही एकाच पाटीवर हायत, स्टेरिंगच्या डाव्या अंगाला, म्हणजे माझ्या बाजूला. गोल खुंटी फिरवली की आवाज कमीजास्त व्हतो. तिच्या बाजूचं बटण दाबून ठेवलं की रेडिओ आपला आपण ठेसन हुडकत जातो. घड्याळाचं बटण बारीक हाय. ते नुसतं दाबून भागत न्हाई, दाबून धरावं लागतं, आकडे उघडझाप करायला लागेपर्यंत. मग वरच्या बटणानं तास आणि खालच्यानं मिनिटं. एकदा आकडा पुढं गेला की मागं येत न्हाई, सगळा फेरा मारून परत त्याच्यापाशी यावं लागतं. हे शिकायला मला चार दिवस लागले. सून शिकवायची, मी चुकायची, ती परत शिकवायची.

मी शाळेत गेले न्हाई. आकडे तेवढे येतात. जंगलात झाडांवर नंबर मारायच्या कामाला मी पुष्कळ वर्षं होते. रंगाचा डबा माझ्याकडं असायचा आणि मागचा नंबर कुठला झाला ते लक्षात ठेवायचं काम बी माझंच. त्यामुळं आकडा दिसला की मला वाचता येतो, मग तो सागवानावर असू दे नाहीतर गाडीत हिरवा जळू दे.

ही कामाची वाटणी आम्हाला एका गव्यानं करून दिली. कुंभारवाड्याच्या अलीकडं एक वळण हाय, दोन्ही बाजूनं गच्च रान. सून गाणं बदलायला खाली वाकली आणि वर बघते तर गवा मधोमध उभा. ब्रेक लागला म्हणून वाचलो. गवा बघून न बघितल्यासारखं करून गेला. सुनेनं गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, "पोरी, आजपासून तू रस्ता बघ. हे वाजायचं आणि जळायचं काय हाय ते मी बघते."

गाडी माझ्या मुलानं घेतलेली. रामनगरला दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता तो. स्वतःची असावी म्हणून ही जुनी घेतली. कापणी झालेल्या मळ्यात बायकोला चालवायला शिकवलं, लायसन काढून दिलं. मग कावीळ झाली आणि तो गेला. माझे मालक त्याच्या आधी कितीतरी वर्षं, जंगलात ओंडका घसरला त्याच्याखाली गेले. माझं माहेर सुप्याच्या धरणात बुडालं. हे मी रडगाणं म्हणून सांगत न्हाई. झालं ते झालं. सकाळी उठायचं आणि हातपाय चालवायचे, एवढंच मला येतं.

गाडी दारात राहिली. भावकीतली माणसं म्हणाली, विकून टाका. सून म्हणाली, "मी चालवते." तवा एकजण सगळ्यांच्या देखत हसून म्हणाला, "व्हय की! सून गाडी चालवणार आणि सासू भोंगा वाजवणार!" मी म्हटलं, "वाजवीन की. रस्त्यात आडवा येऊ नका म्हणजे झालं."

पण बोलून पोट भरत न्हाई. आमच्या रानात ट्रिपा कुठल्या मिळणार? कुणी आजारी पडलं तर, कुणाचं लगीन असलं तर. रामनगरची एक बाई हाय, ती आमच्याकडच्या बायकांना गोव्याला घरकामाला नेते. ती सुनेला म्हणाली, दसरा झाला की चल. सून माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आत्ती, गणेशगुडीला फिरायला येणाऱ्या पाव्हण्यांच्या लॉजवर मी विचारून आले. तिथं गाडीला काम मिळालं तर मी राहते. न्हाईतर गोव्याला जाते. महिन्याला येऊन तुम्हाला बघून जाईन."

मी म्हटलं, "बघ तुझं तू." तोंडानं एवढंच. पण पोरगा गेल्यापासून त्या घरात दोन माणसांचा आवाज होता. आता एकच राहणार, हे मला कळत होतं.

लॉजचा मॅनेजर हुबळीकडचा. त्यानं सुनेला सांगितलं, "अक्का, दसऱ्या दिवशी दोन पाव्हण्यांना लोंढ्याला रेल्वेवर सोडायचं हाय. सकाळी साडेसहाला गाडी दारात पायजे. ही ट्रिप नीट झाली तर पुढं तुझीच गाडी लावतो. उशीर झाला तर मात्र मला विचारू नको." माझ्याकडं बघून म्हणाला, "आणि ह्या अज्जी कशाला?" सून म्हणाली, "त्या असतात." बस्स, त्या असतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी विसावा. विळा, कोयता, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा न्हाई. त्या वर्षी गाडी बी धुतली. झेंडूचा हार घातला, चाकापुढं लिंबं ठेवली. मी ओवाळायला गेले, आत बघते तर घड्याळाचे हिरवे आकडे जळतायत आणि मधले दोन ठिपके लुकलुकतायत.

मी म्हटलं, "ही तर अजून कामावरच हाय."

"आत्ती, ते घड्याळ हाय. चावी काढली तरी चालतच राहतं."

"कुऱ्हाड बसली, विळा बसला, मग ह्यानंच काय पाप केलं? ह्याला बी एक दिवस बसू दे की."

सून आधी हसली. मग बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली. आकडे विझले. माझ्या मनाला बरं वाटलं. पण मग घरात भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. त्याचा सेल मीच काढला. राहिला सुनेचा बटणांचा फोन. ती रेंजमधे गेली की ट्रिपा त्याच्यावरच येतात, म्हणजे ते बी हत्यारच की.

"आत्ती, उद्या पहाटे उठायचं हाय," ती म्हणाली.

"मग? कोंबडा मेला काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. फोन उघडला, आतली बॅटरी काढली आणि दोन्ही फुलांत ठेवलं.

पहाटे कोंबडा आरवला. आम्ही उठलो. अंघोळ केली, पूजा उतरवली, वायर जोडली, फोनात बॅटरी घातली. गाडीतलं घड्याळ बारा दाखवून उघडझाप करायला लागलं. फोन बी बारा. भिंतीवरचं जिथं थांबवलं होतं तिथंच. आणि कोंबडा हा आरवलेला पहिल्यांदा का तिसऱ्यांदा, ते दोघींनाबी ठाऊक न्हाई. बाहेर धुकं, चांदणी दिसंना. शेजारचं घर म्हणजे दोन मळे ओलांडून. आमच्याकडं फोनला रेंज न्हाई, कुणाला विचारणार?

दुसरी कुणी असती तर मला चार शब्द बोलली असती. सुनेनं गाडी चालू केली आणि म्हणाली, "बसा."

रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. जोरात चालवावी तर गवा आडवा येईल, हळू चालवावी तर मॅनेजर दारात घड्याळ बघत उभा. सून मधल्या चालीनं चालवत होती, मान ताठ. मी रेडिओ लावला. वायर काढल्यामुळं तो बी सगळी ठेसनं विसरला होता. बटण दाबून धरलं, आकडे पळाले, नुसती खरखर. परत दाबलं, परत खरखर.

"आत्ती, काय लागतंय का?"

"न्हाई. डोंगर आडवा आलाय का रेडिओ अजून झोपलाय, काय कळंना."

"झोपला असेल तर बरं," ती म्हणाली.

मला तिचं म्हणणं कळलं. सकाळी ठेसन उघडतं ते सहाच्या जरासं आधी. तोवर नुसती खरखरच असती. म्हणजे खरखर चांगली बी आणि वाईट बी. मी बटण सोडलं न्हाई. एक ठेसन बघायचं, न्हाई लागलं तर पुढं सरकायचं, आकडे संपले की परत पहिल्यापासून. जोयडा मागं पडलं तरी काय न्हाई.

धरणाचं पाणी धुक्यात दिसत न्हवतं, पण रस्ता मोकळा झालेला कळतो. डोंगर बाजूला सरकतात. तिथं खरखरीतनं बारीक आवाज आला. मी खुंटी फिरवून मोठा केला. ठेसन उघडताना वाजते ती धून! जंगलातल्या कामावर गार्डाच्या रेडिओवर मी ती रोज ऐकलेली, चूल पेटवता पेटवता. मग कानडीतनं बाई बोलायला लागली. मी म्हटलं, "गप, गप," आणि बोलत कुणी न्हवतंच माझ्याशिवाय. भजन झालं, मग बातम्यांच्या आधी तिनं वेळ सांगितली. सहा वाजून पाच मिनिटं.

मी घड्याळाचं बटण दाबून धरलं. रस्त्याला खड्डे, बोट घसरायचं. तास लावताना सहाचा सात झाला. परत सगळा फेरा, आठ, नऊ, दहा, मी एकेक दाबत आले आणि सहावर बोट उचललं. मग मिनिटं. ठिपके लुकलुकायला लागले.

"किती?" सून म्हणाली. तिनं मान वळवली न्हाई.

"सहा आणि सहा. लावेपर्यंत एक गेलं."

"बरोबर हाय न्हवं?"

"का? माझ्यावर भरोसा न्हाई?"

"हाय म्हणून तर विचारलं."

आता तिला कळलं किती दामटायची ते. लॉजच्या दारात गाडी उभी केली तवा मॅनेजर खरंच मनगटावरचं घड्याळ बघत होता. त्यानं वाकून आतलं घड्याळ बघितलं, परत आपलं बघितलं. मग आत जाऊन पाव्हण्यांच्या पिशव्या उचलून आणल्या.

नवरा-बायको होती, म्हातारी, माझ्याच वयाची. त्याच्या हातात चांगलं सोनेरी घड्याळ, तरी दर वळणाला पुढं वाकून मला विचारी, "अव्वा, टाइम एष्टु?" मी दर वेळी वेळ सांगायची, कानडीतनंच. त्याची बायको त्याला म्हणाली, "तुमच्या हातात काय बांगडी हाय?" मग तिनंच मला गाणी लावायला सांगितली. मी लावली. वळण आलं की आवाज कमी करायचा आणि सरळ रस्ता आला की मोठा, ही माझी पद्धत. लोंढ्याला पोचलो तवा रेल्वे यायची होती. त्यांनी ठेसनावर चहा प्यायला, आम्हाला बी पाजला.

मी चुकले असं मी अजून म्हणत न्हाई. गाडीला विसावा पायजेच, तिनं वर्षभर काय कमी ओढलेलं असतं? फोन तेवढा आता खंडेनवमीला फुलांत ठेवत न्हाई. त्याला लांबनं हळदकुंकू दाखवते.

त्या दिवशी लोंढ्याहून परत गणेशगुडीला आलो. मॅनेजर पुढं आला. "पाव्हण्यांचा फोन आला," म्हणाला. "अक्का, उद्यापासनं या. दोन ट्रिपा हायत."

सून म्हणाली, "आत्ती पुढंच बसणार."

"बसू दे की. मी कुठं न्हाई म्हटलं?"

तिथं फोनला रेंज असते. सुनेनं गाडीत बसूनच रामनगरच्या बाईला फोन लावला. मी रेडिओ चालू ठेवला होता, तरी त्या बाईचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. सून म्हणाली, "मावशी, मी गोव्याला येत न्हाई."

"का गं? म्हातारीपायी अडकलीस व्हय?"

"अडकले न्हाई. आत्ती माझ्याबरोबर गाडीवर कामाला हायत."

मी समोर रस्त्याकडं बघत होते. खुंटीवर हात ठेवला आणि रेडिओचा आवाज अगदी बारीक केला, परत एकदा म्हणते का बघावं म्हणून.