पाचव्या चाकाचा हट्ट

त्या हिवाळ्यात माझा दिवस चहाने नाही, कॅरॅव्हॅनच्या व्हिडिओंनी सुरू व्हायचा. पिनरच्या आमच्या घरात बायको डब्यात पोळी-भाजी भरत असायची आणि मी टॅबलेटवर कुणा अनोळखी माणसाचा फिरता संडास कसा रिकामा करतात ते तन्मयतेने बघत असायचो. बावन्नाव्या वर्षी आपल्याला असलं खूळ लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

खुळाचं कारण साधं होतं. मुलगी ग्लासगोला शिकायला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. मग आम्ही दोघांनी ठरवलं की आता गाडीमागे घर बांधून हिंडायचं. वेल्स, स्कॉटलंड, डॉर्सेट, जिथे बरं शेत दिसेल तिथे मुक्काम. इथवर एकमत होतं. घोडं अडलं ते पुढे, कसलं घर बांधायचं यावर.

इथे गल्लोगल्ली दिसते ती साधी कॅरॅव्हॅन. आपल्या रोजच्या गाडीच्या मागे लोखंडी गोळ्यावर अडकवायची आणि निघायचं. बायकोला ती हवी होती. मला हवी होती फिफ्थ-व्हील. तिला ओढायला पिकअप ट्रकच लागतो, कारण ती मागे अडकत नाही, ट्रकच्या हौद्यात चढून बसते. हौद्यात मागच्या चाकांच्या वर एक जाड लोखंडी ताट असतं, तेच हे पाचवं चाक, आणि त्यावर कॅरॅव्हॅनचा उंच पुढचा भाग येऊन टेकतो. त्या उंच भागात बेडरूम, दोन पायऱ्या चढून जायची. या देशात फार थोड्या लोकांकडे असते. अर्थात मला तीच हवी होती.

एक अडचण होती, आणि ती मी व्हिडिओंच्या ढिगाऱ्याखाली दडपून ठेवली होती. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. आदल्या वर्षी ऑफिसमध्ये मला फिट आली. नियमाप्रमाणे लायसन्स परत पाठवलं आणि वर्षभर पुन्हा फिट न येण्याची वाट बघत बसलो. दहाव्या महिन्यात दुसरी आली. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. या वेळी चार महिने झाले होते आणि मी कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होतो. गाडी चालवणं हा माझा जीव की प्राण. ते गेलं तेव्हा मी रडलो होतो, खोटं कशाला सांगू.

जानेवारीत आम्ही फिफ्थ-व्हील बघायला गेलो. ऑक्सफर्डच्या पलीकडे एका शेतात एक म्हातारा गृहस्थ त्या बांधून देतो. दार उघडलं आणि मी हरखून गेलो. सोफा, खरोखरचा ओव्हन, उभं राहून कपडे बदलता येतील एवढी बेडरूम! मी बूट काढून सरळ पलंगावर आडवा झालो. बायको खाली स्वयंपाकघरात कुकर कुठे मावेल ते हाताने मोजत होती. तिलाही आवडली होती, मला दिसत होतं. पुढच्या हिवाळ्याच्या आत देतो, म्हातारा म्हणाला. मग त्याने सहज विचारलं, "आणि ट्रक कोण चालवणार?"

"मी," मी पलंगावरूनच म्हणालो.

बायकोने मोजणं थांबवलं. बाहेर येऊन ती गाडीत बसली, पट्टा लावला, पण गाडी सुरू केली नाही.

"मला एक सांग," ती म्हणाली, "आपण हे कशासाठी घेतोय? आपल्याला ट्रिपला जायचंय म्हणून, की तुला पुन्हा ड्राइव्ह करायचंय म्हणून?"

"दोन्ही. आठच तर महिने राहिलेत."

"गेल्या वेळी दोनच राहिले होते, रे." तिचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच लागला. "तो ट्रक मला झेपणार नाही. मग तो घरासमोर ड्राइव्हवर उभा राहणार, तुझ्या लायसन्सची वाट बघत. आणि आपण दोघं खिडकीतून त्याच्याकडे बघत बसणार. मला नाही तसं बसायचं. मला या समरला जायचंय."

मी चिडलो. घरी आल्यावर एक कुजकी अट घातली. "ठीक आहे. तू टोइंगचा कोर्स कर. कॅरॅव्हॅन रिव्हर्स घेऊन कोन्सच्या मध्ये लावून दाखव, की साधी घेऊ. नाही जमलं तर फिफ्थ-व्हील, आणि माझं लायसन्स येईपर्यंत थांबायचं."

"डन," ती म्हणाली. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स नको म्हणून दोन चकरा मारणारी माझी बायको! मी मनातल्या मनात ऑक्सफर्डच्या म्हाताऱ्याला फोनसुद्धा लावला होता.

कोर्स एका जुन्या, ओसाड धावपट्टीवर होता. मार्चची सकाळ, झोंबरा वारा, पण ऊन लख्ख. शिकवणारी बाई साठीची, गुलाबी टोपी घातलेली, आवाज सैन्यातला. तिने बायकोला एकच गुपित सांगितलं. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग खालून धर, आणि कॅरॅव्हॅनला जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. ऐकायला किती सोपं!

पहिल्या खेपेला गाडी आणि कॅरॅव्हॅन कात्रीसारख्या दुमडल्या. दुसऱ्या खेपेला दोन प्लास्टिकचे कोन आडवे. तिसऱ्याला चार. मला आनंद होत होता. लाज वाटते लिहायला, पण होत होता. खिडकीतून तिचा चेहरा दिसला, लाल झालेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि तो आनंद थोडा आंबट झाला.

"तुम्ही काय नुसते उभे आहात?" गुलाबी टोपी माझ्यावर ओरडली. "मागे जा. तिला सांगा. कॅरॅव्हॅन एकट्याने कुणी लावत नाही."

मी मागे गेलो आणि त्या बाईने दाखवले तसे हात हलवायला लागलो. वारा असा की शब्द तोंडातून निघाला की वेल्सला. बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तू काय विमान उतरवतोयस का? मला काही कळत नाहीये!"

इथे माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. ते एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. सुट्टीत मी त्यांच्या गाडीतून जायचो, पण बसायचो ड्रायव्हरच्या मागे. माझा देव ड्रायव्हर होता. स्टँडवर गाडी मागे घ्यायची वेळ आली की वडील खाली उतरून मागे जायचे आणि शिट्टी वाजवायचे. आखूड आखूड शिट्ट्या म्हणजे येऊ दे, एक लांब म्हणजे थांब. ड्रायव्हरच्या आरशात ते मला बोटाएवढे दिसायचे, खाकीतले, धुळीत उभे. आपण मोठेपणी काहीही होऊ पण तिथे उभं राहायचं नाही, असं मी तेव्हा पक्कं ठरवलं होतं.

कॅरॅव्हॅन चौथ्यांदा मागे येऊ लागली. सरळ येत होती. मी गप्प राहिलो असतो तर आणखी दोन हातांवर ती तिरकी होऊन कोनावर चढणार होती, ते मला स्वच्छ दिसत होतं. फक्त गप्प राहायचं होतं. आणि माझी दोन बोटं आपोआप तोंडात गेली.

पीप. पीप. पीप. पीप.

आरशात तिचे डोळे चमकले. बायको इस्लामपूरची, लहानपण एसटी स्टँडच्या समोर गेलेलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. मी डावीकडे हात केला की चाक तिकडे वळायचं, शिट्टी जलद झाली की गाडी जलद यायची, हळू झाली की हळू. मग मीच जोरात ओरडलो, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे!" त्या इंग्रज धावपट्टीवर कराड स्टँड अवतरलं होतं. मला इतकी मजा येत होती की पैज आठवलीसुद्धा नाही. लांब शिट्टी मारली तेव्हा कॅरॅव्हॅन चार कोनांच्या बरोबर मध्ये उभी होती.

बायको उतरली ती नाचतच. "लागली! अरे, लागली!" तिने मला मिठी मारली. गुलाबी टोपीने ती शिट्टी काय प्रकार आहे ते मला पुन्हा करून दाखवायला लावलं. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "तू गप्प बसला असतास तर जिंकला असतास."

"माहीत आहे," मी म्हणालो.

एप्रिलमध्ये साधी कॅरॅव्हॅन आली. त्या उन्हाळ्यात आम्ही वेल्सला गेलो, लेक डिस्ट्रिक्टला गेलो, मुलीला भेटायला थेट ग्लासगोपर्यंत गेलो. मी डावीकडच्या सीटवर नकाशा, चकल्यांचा डबा आणि शिट्टी सांभाळत होतो. फुल्या मारायच्या कधीकधी राहूनही जायच्या.

सप्टेंबरमध्ये फिटविना वर्ष पुरं झालं, आणि कागदपत्रं सरकत सरकत नोव्हेंबरच्या शेवटी लायसन्स परत आलं. पाकीट बायकोने उघडलं आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याच शनिवारी आम्ही डॉर्सेटला निघालो, मी स्टिअरिंगवर. काय सांगू! मी मोठमोठ्याने गात होतो, ती कान झाकून हसत होती. जवळजवळ दोन वर्षांनी रस्ता पुन्हा माझा झाला होता.

दुपारी शेतावर पोचलो. फाटक अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी भिंत, कॅरॅव्हॅन उलटीच आत न्यायची. बायको उतरून मागे गेली. मी रिव्हर्स टाकला. तिने हात हलवले, मला काही कळेना. तिने बोटं तोंडात घालून फुंकलं, नुसती हवा आली. दोनदा भिंतीला लागता लागता वाचलो. तिसऱ्यांदा मी गाडी थांबवली, पट्टा सोडला आणि खाली उतरलो.

"काय रे?" ती धावत आली. "चालव की! किती वाट बघितलीस."

"चालवली की एवढी. आता तू बस," मी म्हणालो. "मागे मी उभा राहतो."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग जाऊन बसली. मी फाटकाच्या आत चिखलात जाऊन उभा राहिलो, पाय रोवून. गाडीच्या आरशात ती दिसत होती, आणि तिला त्याच आरशात मी दिसत असणार, बोटाएवढा. तिथे उभं राहून मला वडिलांचा असा काही अभिमान वाटला की शिट्टी वाजवायची राहूनच गेली. बायको थांबली होती. शिट्टी आल्याशिवाय ती गाडी हलवणार नव्हती.

मी दोन बोटं तोंडात घातली.