कप्तानचं पोट बिघडलं ती रात्र

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात लॉन्ड्री होती, आणि त्या लॉन्ड्रीत जिचा शब्द चाले तिला सगळ्या कप्तान म्हणत. बाई पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, भावाच्या घरी मागच्या खोलीत राहणारी. भाऊ कमी बोलायचा, वहिनी दोघांचं मिळून बोलायची. कप्तान सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर हजर असायची. इस्त्रीच्या रोलरमधून चादरी तापून बाहेर पडल्या की दोन टोकांना दोघींनी धरायच्या, ताणायच्या, एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची. तिच्या समोरच्या टोकाला कित्येक वर्षं एकच बाई उभी असायची. तिचा आवाज इतका बारीक, की रोलरच्या घरघरीत ती काय म्हणाली ते ओठांवरून ओळखावं लागे. म्हणून तिचं नाव पडलं हळूबाई.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री बाहेर पडायचं, ही कल्पना कप्तानचीच. तोवर या बायकांना आपलं शहर रात्री कसं दिसतं याचा पत्ता नव्हता. दिवसभर तळघर, संध्याकाळी घर. मग हळूहळू त्या शेवटच्या खेळाचा सिनेमा बघू लागल्या, उशिरापर्यंत उघड्या असलेल्या कॅफेत गप्पा ठोकू लागल्या, नदीवरच्या पुलावर उभं राहून फोटो काढू लागल्या. सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे नाचाचा हॉल. जुन्या इमारतीचा वरचा मजला, खाली लाकडी फरशी, कोपऱ्यात वाजवणारी मंडळी, आणि जिना चढून गेलं की मोकळी गच्ची.

घरच्यांनी मात्र सोडलं ते कप्तानच्या भरवशावर. "कप्तान आहे ना बरोबर? मग जा," असं नवरे म्हणत, सासवा म्हणत, मुलंसुद्धा म्हणत. तिचे नियमही तसेच पक्के होते. सगळ्या मिळून जायचं, सगळ्या मिळून यायचं. टॅक्सीत बसण्याआधी गाडीचा नंबर मोठ्याने वाचून घरी फोनवर सांगायचा, चालकालाही ऐकू जाईल असा. पळता येईल अशाच चपला घालायच्या. रस्ता जवळचा पण अंधारा असेल, तर लांबचा उजेडाचा धरायचा. आणि काही झालं तरी कप्तानला सांगितल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. हॉलमध्ये ती स्वतः नाचत नसे. टेबलावर सगळ्यांच्या पर्सा मांडून राखणीला बसे आणि एका डोळ्याने दाराकडे बघत राही.

त्या शनिवारी मध्यंतरात वाजवणाऱ्यांपैकी व्हायोलिनवाला पाणी प्यायला आला तो तिच्या टेबलापाशी थांबला. केस पिकलेला, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेला माणूस.

"दर वेळी बघतो, तुम्ही पर्साच सांभाळता," तो म्हणाला. "आज त्यांना त्यांच्या नशिबावर सोडा की. वर वारा छान आहे."

कप्तानला हसू आलं. काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने पर्सा लॉन्ड्रीतल्या नव्या पोरीकडे ढकलल्या, "आलेच हं," एवढंच म्हणाली आणि जिना चढली.

गच्चीवर घडलं म्हणाल तर काहीच नाही. कठड्याला टेकून तो तिला शहरातले दिवे दाखवत होता. ती लांब दिव्यांची ओळ म्हणजे रेल्वेचं यार्ड, तो एकटा हिरवा दिवा म्हणजे पाण्याची टाकी. मग त्याने हॉलमधल्या गिऱ्हाइकांच्या नाचाच्या नकला केल्या, आणि कप्तान पोट धरधरून हसली. आपण असं हसू शकतो हे ती विसरूनच गेली होती. खाली वाजवणं पुन्हा सुरू झालं, त्याच्याशिवायच, तरी दोघं हलली नाहीत.

ती खाली आली तेव्हा टेबलाभोवती बायका घोळका करून उभ्या होत्या. हळूबाई दिसत नव्हती.

"कुठे होतीस तू?" इस्त्रीवाली ओरडली. ही रोलरवरची बाई, तोंडाने फटकळ. "हळूबाई गायब आहे, फोन लागत नाही, आणि तुझा पत्ता नाही!"

कप्तानचे गाल अजून तापलेले होते. केस वाऱ्याने विस्कटले होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"बाथरूममध्ये होते," ती म्हणाली. "पोट बिघडलंय."

इस्त्रीवालीने लगेच पर्समधून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली, पाण्याचा ग्लास पुढे केला. काहीही झालेलं नसताना कप्तानने ती गोळी सगळ्यांदेखत गिळली.

मग शोधाशोध. हॉलचे कोपरे, जिने, खालचा रस्ता, टॅक्सीचा थांबा. कप्तानने सगळ्यांना जोड्याजोड्यांनी पाठवलं, रखवालदाराला विचारलं, बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांना फोटो दाखवला. काम तिने चोख केलं, यात शंका नाही. पण हळूबाईच्या लेकीला फोन लावायची वेळ आली तेव्हा तिने नंबर दोनदा लावून दोनदा कापला.

हळूबाईची खबर लागली ती थेट शहराच्या टोकाहून. ती एकटीच बसमध्ये बसली होती. थकलेली, त्यात खिडकीची हवा लागली, डोळा लागला. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं तेव्हा आजूबाजूला सगळा अंधार. फोनची बॅटरी संपलेली. उजेड दिसला त्या दिशेने चालत निघाली आणि पाइपांसाठी खणलेल्या चरात पडली. घोटा मोडला. ओरडायचं तर आवाज हा असा! पेट्रोल पंपावरच्या रखवालदाराला तिचं ओरडणं नव्हे, हातातली पर्स पाइपावर आपटल्याचा आवाज ऐकू गेला, म्हणून निभावलं.

पहाटे त्यांच्याच रुग्णालयात हळूबाईच्या पायाला प्लास्टर चढलं. उशाशी लेक, दाराशी जावई, भोवती लॉन्ड्रीच्या बायका. हळूबाई सुखरूप दिसल्यावर कप्तानचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ भीतीने तिला घेरलं. आता ही बोलेल. ही म्हणेल, मी तुला शोधलं, तू जागेवर नव्हतीस.

ते ऐकायच्या आत कप्तानच कडाडली.

"एक नियम पाळता येत नाही तुला? एक! सांगून जायला काय जीभ झडत होती? तुझ्यापायी सगळ्यांच्या जिवाला घोर!"

हळूबाईने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चुकलं माझं."

त्यानंतर लेकीने जे तोंड सोडलं ते बघवेना. या वयात ही थेरं, लोक काय म्हणतील, आता रात्रीचं बाहेर पडणं बंद म्हणजे बंद. जावई मान डोलावत होता. बाहेर व्हरांड्यात त्याच लेकीने कप्तानचे हात धरले. "मावशी, तुम्ही होतात म्हणून आई सापडली," ती म्हणाली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं कप्तानला झालं. पण तिने हात सोडवून घेतला नाही.

प्लास्टर निघाल्यावर हळूबाई कामावर आली, ती सरळ रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंकडे गेली. ताणून उभं राहवत नाही म्हणाली, आणि फाटक्या चादरी रफू करायच्या मशीनवर जागा मागून घेतली. कप्तानच्या समोरच्या टोकाला आता ती नवी पोरगी आली. तिच्या घडीचे कोपरे जुळत नसत आणि कप्तान त्यावरून तिला फाडून खाई. डबा खाताना हळूबाई सगळ्यांशी बोले, कप्तानशीही बोले. मीठ दे, पाणी सरकव, एवढंच. घरी वहिनीच्या लक्षात आलंच. "हल्ली आरशात बघत नाहीस ती, भांग वाकडा पडतो," वहिनी म्हणाली. खरंच होतं. आरशात दिसणारी बाई कप्तानला नजरेसमोर नको होती.

आणि त्यावर कडी म्हणजे मोठ्या बाईंनी काढलेली टूम. रुग्णालयातल्या तरुण परिचारिका, पोरी, रात्री-बेरात्री हिंडतात. त्यांना चार शब्द सांगायला कप्तानशिवाय कोण? सभागृहात खुर्च्या मांडल्या, माईक लावला. कप्तानने टॅक्सीचे नंबर, उजेडाचे रस्ते, चपला, सगळं सांगितलं. पोरी भराभर फोनवर टिपून घेत होत्या. मागच्या रांगेत लॉन्ड्रीच्या बायका, त्यांत हळूबाई, मांडीवर अर्धवट रफू केलेली चादर.

शेवटी नव्या पोरीनेच हात वर केला. तिच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं. "पण मावशी, त्या रात्री हळूबाई तुम्हाला न सांगता का गेल्या?"

आता सांगावं, अगदी ओठांवर आलं. पण समोर एवढे चेहरे, सगळ्यांच्या डोळ्यांत तो मान.

"काय आहे," कप्तान माईकमध्ये म्हणाली, "काही माणसांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत."

हशा पिकला. सगळ्या हसल्या. मान खाली घालून सुई ओढता ओढता हळूबाईसुद्धा हसली.

ते हसणं कप्तानला सोसलं नाही. टाळ्या संपायच्या आत ती मागच्या दाराने निघाली. संध्याकाळभर रस्त्यांवरून भटकली, आणि दिवेलागणीनंतर हळूबाईच्या दारात उभी राहिली. लेकीने हसत दार उघडलं, "या मावशी," म्हणाली. हळूबाई आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून बसली होती.

कप्तान बसलीसुद्धा नाही. "त्या रात्री माझं पोट बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "मी गच्चीवर होते. त्या व्हायोलिनवाल्याबरोबर. तू मला शोधत असशील, मी टेबलावर नव्हते..."

"मी नव्हते शोधत," हळूबाई म्हणाली. "मला सापडली होतीस."

कप्तानला कळेना.

"डोकं दुखत होतं, घरी जायचं होतं. सांगायला वर आले. दारात उभी राहिले. तू हसत होतीस." हळूबाईने पायावरची शाल नीट केली. "इतकी वर्षं समोरासमोर काढली, असं हसताना नाही बघितलं तुला. म्हटलं, मी हाक मारली की ही पर्स उचलेल आणि माझ्यामागे येईल. राहू दे एक दिवस. बस समोरच उभी होती."

कप्तान मटकन खुर्चीत बसली. तिने विचारलं, "मग बोलली का नाहीस? मी सगळ्यांदेखत तुला एवढं..."

"मी का बोलू? तुझी गोष्ट होती ती. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल." आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. "तू ओरडलीस, ते मी समजले. माणूस घाबरला की ओरडतो. पण आज माईकवर तू घाबरलेली नव्हतीस."

कप्तानला रडू फुटलं. हळूबाईने तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला नाही.

"मला काय सांगतेस?" ती शेवटी म्हणाली. "मला माहीतच होतं. माझ्या लेकीला सांग."

स्वयंपाकघरात लेक भांडी पुसत होती. कप्तानने तिला सगळं सांगितलं, गोळीसकट. लेक पुसता पुसता थांबली.

"मी आईला काय काय बोलले, माहीत आहे तुम्हाला? फिरायला गेली तरी पाळत ठेवते मी तिच्यावर. आणि तुम्ही तिथे उभ्या राहून ऐकत होतात." तिने ताट जोरात ठेवलं. "तुम्ही जा आता, मावशी."

मावशी म्हणणं तिने सोडलं नाही, एवढ्यावरच समाधान मानून कप्तान घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रोलर सुरू व्हायच्या आधी तिने लॉन्ड्रीत सगळ्यांना जवळ बोलावलं. एकीने तोंडावर हात धरला, एक गालातल्या गालात हसली, एकीला व्हायोलिनवाला दिसायला कसा आहे तेच जाणून घ्यायचं होतं. इस्त्रीवालीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तीही भलत्याच गोष्टीवरून.

"गोळी गिळलीस!" ती किंचाळली. "अगं, गच्चीवर गेलीस तर गेलीस, आम्ही काय तुला खाल्लं असतं? मी रात्रभर विचारत होते, आता बरं वाटतंय का, आता बरं वाटतंय का! आणि तू हो म्हणत होतीस!"

मग कप्तान मोठ्या बाईंकडे गेली. पुन्हा एकदा सभागृहात जाऊन तिने परिचारिकांनाही सांगितलं. ते सगळ्यांत अवघड गेलं, कारण पोरी हसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. कप्तानपण तिने त्याच दिवशी सोडलं. नाव काही सुटलं नाही. लोक हाक मारत राहिले आणि प्रत्येक हाकेला तिचे कान तापत राहिले. शनिवार चालूच राहिले. राखणीला आता आळीपाळीने बसतात. नियम तेच आहेत. व्हायोलिनवाल्याने दोनदा तिच्याबद्दल विचारलं असं नव्या पोरीने येऊन सांगितलं, तेव्हा कप्तान नुसती "बरं" म्हणाली.

हळूबाई त्या घोळक्यात परत आली नाही. रागावली आहे असंही कधी म्हणाली नाही. रफूच्या मशीनवर ती रमली.

बऱ्याच महिन्यांनी एका शनिवारी सगळ्या कॅफेकडे निघाल्या होत्या. रस्त्यापलीकडे एका थिएटरबाहेर मोठी रांग लागलेली. त्या रांगेत कप्तानला हळूबाई दिसली. किंचित लंगडती, नवा रुमाल गळ्याला बांधलेला, शेजारी लेक तिच्या दंडाला धरून काहीतरी सांगत होती आणि दोघी खुदखुदत होत्या. कप्तान चटकन जाहिरातीच्या फलकाआड झाली. तिथे उभ्या उभ्या तिला स्वतःची आणखीच शरम वाटली. लपून राहायची सवय लागली की काय आपल्याला? मैत्रिणींना सांगून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून, ती रस्ता ओलांडून गेली.

लेकीचा चेहरा जरा आखडला. हळूबाईने मात्र तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाटक आहे," ती म्हणाली. "विनोदी. यायचं तर ये, तिकिटं आहेत अजून. घूस इथे मध्येच."

कप्तान एक पाऊल पुढे सरकली, तोच मागचा जाडजूड गृहस्थ गुरगुरला, "ओ बाई, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत? रांग तिकडून सुरू होते."

एरवी कप्तानने त्याला दोन शब्द सुनावले असते. ती त्याला "बरोबर आहे तुमचं" म्हणाली, आणि पार कोपऱ्यापर्यंत गेलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.