धुराला वेगळी खोली

तर काल आपण थांबलो होतो ते थोरल्या वहिनीच्या दारात. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी, आणि समोर मातीची पाटी घेतलेली गवंडीणबाई.

ही बाई नवऱ्याला विटा देता देता गवंडीकाम शिकली. त्याची पाठ आखडली तशी थापी हिच्या हातात आली. लोक हसले. हिने आधी भिंती बांधल्या, मग बिनधुराच्या चुली. चूल घालण्याआधी घरातली भांडी मागवायची, बुडं वितीने मोजायची, स्वयंपाक करणारीला खाली बसवून तिच्या हाताला येईल अशीच चूल घालायची. धूर सगळा नळीतून छपरावर.

वहिनी खोकून खोकून बेजार, पण ऐकेल तर शपथ! तिने आढ्याकडे बोट दाखवलं. बियाण्याची मक्याची कणसं तिथे धुरात टांगलेली. "धूर गेला की यांना कीड लागणार. मग पेरणीला काय तुझी नळी पेरू?"

गवंडीणबाईने पाटी उचलली आणि चालू लागली. आम्हाला वाटलं, मिटलं प्रकरण. चार दिवसांनी उगवली ती विटा घेऊनच. "वहिनी, कणसांना वेगळी खोली देते. धूर तिकडे राहील, तुम्ही इकडे."

घरात चूल घातली, भिंतीबाहेर कपाटाएवढी खोली बांधली, चुलीची नळी तिच्यात सोडली, आत कणसं टांगली. पहिल्याच जाळाला धूर उलटा घरात! मी बाहेर पळालो, थोरला दादा माझ्याही पुढे. "हीच का गं तुझी बिनधुराची?" वहिनी आतून ओरडली. बाईने शिडी लावली, खोलीच्या डोक्यावर आणखी एक उंच नळी बसवली. मग मात्र धुराने मुकाट वाट धरली.

तरी वहिनीची अट कायम: बियाणं बिघडलं तर चूल फोडणार. पेरणीच्या तोंडावर तिने मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि फडकं सोडायला बाईलाच बोलावलं. एखाददुसरा आळशी दाणा सोडला तर सगळ्यांना टरारून मोड!

वहिनी सरळ कौतुक करील तर ती वहिनी कसली. "राहू दे चूल," म्हणाली. "पण माझी पंचाईत झाली. ह्यांच्याशी भांडण झालं की धुराच्या नावावर रडून घ्यायचे मी. आता काय करू?"

गवंडीणबाई हात झटकत म्हणाली, "आता दादांनाच चुलीपुढे बसवायचं, वहिनी. पळायला धुराचं निमित्त त्यांनाही उरलं नाही."