साडेसहा फुटांचं भय

सुग्रीव तांदळेचा बाप उसाच्या फडात वारला तेव्हा सुग्रीव दहा वर्षांचा होता. नांदूरघाटच्या बाजूची त्यांची टोळी त्या साली सांगलीकडच्या एका कारखान्याला गेलती. बाप ताडमाड. ट्रक भरताना बाकीचे गडी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढत. हा खालूनच हात लांबवून मोळी वर सरकवी. त्या दुपारी त्यानं मोळी उचलली, अर्ध्यावर थांबला, मोळी सोडून दिली आणि पाचटावर बसला. “पाठीत फाटलं काहीतरी,” एवढंच बायकोला, कडूबाईला म्हणाला. ती पाणी घेऊन येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. वय छत्तीस. टोळीतल्या एका म्हाताऱ्यानं आठवण काढली, की ह्याचा चुलताही असाच उभ्या उभ्या गेलता, आणि तोही असाच उंच होता.

म्हाताऱ्याचं ते बोलणं कडूबाईच्या काळजात रुतून बसलं. सुग्रीव चौदाव्या वर्षी पाचटाच्या कोपीच्या दारातून वाकून आत यायला लागला, तशी तिची नजर त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरायला लागली. ती कधी काही बोलली नाही. फक्त वरचेवर म्हणायची, “वाकून चालत जा रे.” पोरगा खरंच वाकून चालायला शिकला. गावातली पोरं त्याला उंट म्हणत.

सतराव्या वर्षी तो खडकीच्या माळावरच्या नव्या सहकारी कारखान्याला ऊस घालायला लागला. हा कारखाना जवळचा, त्यामुळं मायलेकांना सहा महिने परमुलखात राहावं लागत नव्हतं. कारखान्याचे चेअरमन भगवानराव कॉलेजात असताना औरंगाबादला बास्केटबॉल खेळलेले. त्यांनी कामगार वसाहतीच्या मागं सिमेंटचं कोर्ट बांधून घेतलं होतं आणि कारखान्याची टीम काढली होती. खेळाडू हजेरीपटावर कुणी टाइम ऑफिसात, कुणी गोदामात. पण त्यांचं खरं काम खेळणं, आणि पगार मिळायचा तो खेळण्याचाच. लोक हसत. शिपाईसुद्धा म्हणत, की साखरेचं पोतं उचलायला माणूस मिळंना आणि हे टोपलीत चेंडू टाकायचा पगार घेत्यात.

टीमचे कोच राधाकिशन सर फौजेतून सुभेदार होऊन आलेले. एका सकाळी ते कारखान्याच्या गव्हाणीजवळून, ऊस उतरवतात तिथून, चालले होते. बैलगाडीत उंच रचलेल्या उसाची सगळ्यांत वरची मोळी सुग्रीव जमिनीवर उभा राहून उतरवत होता. सर थांबले. त्यांनी त्याला दोन्ही हात आडवे पसरायला लावलं, भोवती एक चक्कर मारली आणि संध्याकाळी कोर्टावर ये म्हणून सांगितलं.

सुग्रीव गेला. पहिले सहा महिने तो चेंडूच्या मागं नुसता धडपडत होता. मग एके दिवशी बोर्डावरून परतलेला चेंडू त्याच्या हातात असा येऊन बसला, की सर हसले. वर्षभरात साडेसहा फुटांचा सुग्रीव टीमचा सेंटर झाला. रिंगखाली उभं राहायचं, पडणारा चेंडू कुणाच्या हाती जाऊ द्यायचा नाही, आणि मिळाला की वर ठेवून द्यायचा. कोल्हापूर, नागपूर, सोलापूर असे दौरे सुरू झाले. त्याची पाठ सरळ झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ताठ उभं राहा म्हणून ओरडत होतं.

एकविसाव्या वर्षी त्याला कायमची ऑर्डर मिळाली. कडूबाईनं त्या दिवशी आपला कोयता नणंदेला देऊन टाकला. “माझं झालं,” म्हणाली. पंचवीस हंगाम ऊस तोडलेली बाई. तिच्या कमरेत नीट उभं राहायचं बळ उरलं नव्हतं.

पुढं दोन वर्षांनी राज्याच्या संघासाठी पुण्याला शिबिर लागलं. तिथं खेळाडूंची तपासणी होती. एका तरुण डॉक्टरीणबाईनं त्याच्या छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. मग त्याला अंगठा आत घेऊन मूठ वळायला लावली. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. हातांची लांबी मोजली, डोळ्यांत बॅटरी मारली. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात छातीवर गार मलम लावून यंत्र फिरवलं. सुग्रीवला पडद्यावर नुसतं काळं-पांढरं काहीतरी हलताना दिसत होतं. त्याच्याकडं पाहायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून तो छताच्या पंख्याकडं बघत राहिला.

बाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी बुडाशी फुगली आहे, सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तशी. जन्मापासूनचा दोष आहे. ही उंची, हे लांब हात त्याच दोषाचे. धावणं, उड्या मारणं, धक्के खाणं बंद करायचं. ती फाटली तर दवाखाना गाठायला वेळ मिळणार नाही.

“घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” सुग्रीव म्हणाला.

असं का म्हणालो, हे त्याला पुढं कितीतरी वर्षं उमगलं नाही. बाप डोळ्यांपुढं पाचटावर बसलेला होता आणि तोंडातून न्हाई निघालं. हो म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं, एवढंच त्याला त्या वेळी वाटलं. बाईंनी कारखान्याच्या नावानं चिठ्ठी दिली आणि रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी त्यानं ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली सरकवली. डोळे कमजोर निघाले म्हणून निवड झाली नाही, असं सरांना सांगितलं. गोळ्या तो अंबाजोगाईला जाऊन आणी, कारण तिथल्या दुकानात त्याला कुणी ओळखत नव्हतं. लग्न झाल्यावर बायकोला, शिवकन्येला, त्यानं त्या ताकदीच्या गोळ्या म्हणून सांगितल्या.

आणि तो खेळत राहिला. चार वर्षं.

ती चार वर्षं कशी गेली हे त्यालाच ठाऊक. सकाळी दात घासताना हात छातीवर जायचा. कोर्टावर धाप लागली की वाटायचं, हीच ती वेळ. फाउल मिळून एकट्यानं चेंडू टाकायची वेळ आली की मैदान गप्प व्हायचं आणि त्याला कानात स्वतःचे ठोके ऐकू यायचे. मग चेंडू रिंगला लागून परत यायचा. तो उडी न मारता खेळायला शिकला. हात वर करून जागेवर उभा राहायचा, चेंडू आपल्याकडं यायची वाट बघायचा. प्रेक्षक त्याला खांब म्हणायला लागले. सर चिडायचे, आळशी झाला म्हणायचे, चार माणसांत त्याला बोलायचे, आणि तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रत्येक सामन्याआधी बूट बांधताना तो टीममधल्या पोरांकडं बघून ठरवायचा, की आज आपलं काही झालं तर आईला सांगायला कोण जाईल. बहुतेक वेळा त्याची नजर उत्तरेश्वरवर थांबायची. उत्तरेश्वर हळू बोलायचा.

एक-दोनदा तो सरांच्या घरापर्यंत जाऊन परत आला. सांगितलं की खेळ सुटणार, खेळ सुटला की नोकरी जाणार, आणि पुढच्या दसऱ्याला आई उसने कोयते मागत फिरणार. मरणाचं भय आणि ह्या भयाची मनात रोज झुंज लागे, आणि रोज दुसरं जिंके.

ब्याण्णव साली पाऊस दगा देऊन गेला. मांजरा नदीच्या पात्रात वाळू उडत होती. कारखान्याचा भोंगा चाळीस दिवस वाजला आणि बंद पडला. उभा ऊस लोकांनी जनावरांना तोडून घातला. बास्केटबॉलच्या कोर्टावर पाण्याचे टँकर उभे राहायला लागले आणि सिमेंटवर डिझेलचे डाग पडले. संचालकांनी ठरवलं, की बारा खेळाडू पोसणं आता जमणार नाही. नगरकडं सहकारी कारखान्यांच्या स्पर्धा होत्या. तिथला खेळ बघून पाच जण ठेवायचे, बाकीच्यांना घरी पाठवायचं.

त्याच दुष्काळी उन्हाळ्यात शिवकन्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. नर्सनं दुपट्यातून तिचा हात बाहेर काढला आणि कौतुकानं म्हणाली, “बोटं बघा किती लांब. पेटी वाजवणार पोरगी.” सुग्रीवनं बोटं बघितली. कोळ्याच्या पायांसारखी बारीक, लांब. तो बाहेर येऊन लिंबाखाली बसला. कडूबाईनं हाक मारली तरी त्याला लवकर उठता येईना. आतापर्यंत त्याचं भय एकट्याचं होतं. आता ते त्या दुपट्यात गुंडाळलेलं होतं.

तरीही महिन्यानं तो नगरला गेला.

दुसऱ्या सामन्याचा उत्तरार्ध सुरू होता. टीम दोन गुणांनी पुढं होती. सुग्रीवला पूर्ण जोर लावून खेळणं भाग होतं, आणि कितीतरी दिवसांनी तो उड्या मारत होता. एका चेंडूसाठी तो वर गेला, तेव्हा मागच्या खेळाडूचं कोपर त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसलं. कळ उठली. खाली पाय टेकता टेकता त्याच्या डोक्यात बापाचं शेवटचं वाक्य वाजलं. आजूबाजूचा आवाज गेला. चेंडू त्याच्या पायाशी घरंगळत आला, पण त्यानं उचलला नाही. हात वर करून तो कोर्टाबाहेर चालायला लागला. धावण्याची भीती वाटली म्हणून अगदी सावकाश. सर ओरडत होते. तो बाकापाशी येऊन त्यांच्या पुढ्यात बसला.

“सर, मला मरायचं न्हाई.”

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ओरडणं थांबवलं. दुसरा खेळाडू आत पाठवला. सामना सहा गुणांनी गेला.

पोरं कपडे बदलून बाहेर पडल्यावर सुग्रीवनं सगळं सांगितलं. बाप, चुलतआजा, पुणं, ट्रंकेतली चिठ्ठी. सर भिंतीला टेकून ऐकत होते.

“चार वर्षं? कावून बे, सांगितलं कावून न्हाई?”

सुग्रीवनं आईच्या कोयत्याचं सांगितलं.

सर भिंतीपासून सरकून त्याच्या शेजारी बसले. मग म्हणाले, “मी तुला आळशी म्हणून शिव्या देत होतो. माझ्या शिव्या खाऊन एखाद्या दिवशी तू उडी मारली असती अन् तिथंच गेला असता, तर मी कडूबाईपुढं कोण्या तोंडानं उभा राहिलो असतो?” त्यांचा आवाज फाटला होता. फौजी माणूस असा भ्यालेला सुग्रीवनं पहिल्यांदा पाहिला.

ते त्याला तिथूनच पुण्याला घेऊन गेले. पाठीतली कळ नुसत्या मुक्क्या माराची निघाली. पण फुगा चार वर्षांत वाढला होता, आणि ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं.

भगवानरावांपुढं उभं राहायची वेळ आली तेव्हा सुग्रीव दाराशीच थांबला होता. चेअरमननी चिठ्ठी वाचली, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, की टीम तर बंदच करावी लागणार आहे, सगळीच. काल रात्रीच बैठकीत ठरलं. पाच जणही परवडत नाहीत. तुझी ऑर्डर मात्र कारखान्याची आहे, चेंडूची नाही. चारा-छावणीवर जनावरांची नोंद ठेवायला बस, कारखाना सुरू झाला की वजनकाट्यावर ये. सुग्रीव बाहेर आला आणि टँकरच्या सावलीत उभा राहिला. ज्या टीमपायी त्यानं चार वर्षं जीव मुठीत धरला होता, ती अशी एका बैठकीत संपली होती.

आईला सांगणं त्यानं शेवटी ठेवलं होतं. ती नातीला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. रडली नाही.

“मला वाटायचं, मीच एकली भेते,” ती म्हणाली. “तू बोलला असता तर दोघं मिळून भेलो असतो.”

नोकरी गेली असती तर, असं तो काही म्हणायला लागला, तर तिनं त्याला बोलू दिलं नाही. कोयता काय, कुठंबी मिळतो, म्हणाली.

पैसे जुळून नंबर लागायला वेळ गेला, आणि ऑपरेशन दोन वर्षांनी मुंबईच्या एका सरकारी दवाखान्यात झालं. राधाकिशन सर महिनाभर दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिले. फुगलेली रक्तवाहिनी बदलली आणि छातीत धातूची झडप बसवली. घरात सामसूम असली की तिची टिकटिक ऐकू येते. सुरुवातीला सुग्रीव त्या आवाजानं दचकायचा. पुढं कधी पंख्याच्या घरघरीत तो ऐकू आला नाही तर दचकायला लागला. पंचवीस वर्षं त्यानं वजनकाट्यावर काढली. जुने लोक ट्रॅक्टर काट्यावर चढवताना म्हणायचे, हा आपला सेंटर. तो मान हलवायचा.

मुलीचं नाव मनकर्णा ठेवलं. तिसऱ्या वर्षी तिची तपासणी झाली आणि दोष निघाला. गोळ्या सुरू झाल्या. शाळेत असताना पाच फूट दहा इंच उंचीमुळं तिला बास्केटबॉलला घ्यायला गुरुजी घरी आले, तेव्हा सुग्रीवनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. मनकर्णा दोन वर्षं त्याच्याशी धड बोलली नाही. तिला सगळं समजावून सांगितलं होतं, तरी. एकदा तिनं स्पष्टच विचारलं, “तुमी खेळलात. तुमाला तेव्हा थांबवलं असतं तर थांबला असतात का?” खोटं सांगायची त्याची छाती झाली नाही, म्हणून तो उठून तिच्या उरलेल्या गोळ्या मोजायला लागला.

आता ती धर्मापुरीच्या शाळेत शिकवते. दर वैशाखात बाप-लेक पुण्याला जातात. ती तपासणीला आत जाते, तो बाहेर बाकावर बसतो. त्या वीस मिनिटांत तो स्वतःच्या छातीतली टिकटिक मोजत राहतो, अजूनही. यंदा ती बाहेर आली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “मागच्या सालाएवढंच हाय, बाबा.” त्यानं कागद स्वतः दोनदा वाचून बघितला. मग दोघं स्टँडवर आले. बीडची गाडी लागायला अजून वेळ होता. तिला भूक लागली होती, त्याला लागली नव्हती, पण तिच्यासोबत तोही जेवला.