लोखंडी पेशंट

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘आता तुम्ही आराम करा’ असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंत का? माणसाला बिनकामाचं करायचं आणि त्याला आदर म्हणायचं, ह्या लबाडीशी माझं जुनं भांडण आहे. म्हणून सांगते: माझ्या मैत्रिणीचे वडील हे अख्ख्या न्यूझीलंडमधले एकमेव डॉक्टर असतील, ज्यांचे सगळे पेशंट लोखंडाचे आहेत.

पुण्यात आयुष्यभर दवाखाना चालवलेले काका लेकीकडे हेन्डरसनला राहायला आले आणि एका विमानप्रवासात डॉक्टरांचे नुसते ‘बाबा’ झाले. इथे त्यांना प्रॅक्टिस करता येत नाही. लेकीचं घर मात्र जुनं, इकडे क्वचितच सापडणाऱ्या वाफेच्या हीटिंगचं. घराखालचा बॉयलर वाफ वर पाठवतो, खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर तापतात, आणि आतून कुणी हातोडा मारावा तसे पाइप धाडधाड वाजतात. लेक नर्स, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. “बाबा, हा हिवाळा संपेपर्यंत आवाज थांबला नाही ना, तर मी हे सगळं उपटून विजेवरचा हीट पंप बसवणार,” तिने बजावलं. काकांनी त्याच दिवशी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला.

मग राउंड सुरू झाले. इस्त्रीचा शर्ट, पायात जँडल्स म्हणजे इकडच्या रबरी चपला, गळ्यात स्टेथोस्कोप. हॉलमधला रेडिएटर ‘दमेकरी’, स्वयंपाकघरातला ‘उगाच कण्हणारा’. मी सुट्टीच्या दिवशी गेले की तापलेल्या लोखंडावर रुमाल ठेवून ते कान देत आणि हळूच विचारत, “ह्याला घरात काही टेन्शन आहे का गं?” एकदा पार्सल द्यायला आलेला माणूस दारातच थबकला. “किया ओरा,” काकांनी इथला माओरी नमस्कार केला, “प्लीज वेट. पेशंट आहे आत.”

निदान झालं: छातीत पाणी. वाफ गार झाली की तिचं पाणी होतं, आणि ते त्याच पाइपातून उताराने खाली परतायला हवं. जुनी जमीन खचल्यामुळे रेडिएटर उलटे कलले होते. पाणी आत तुंबायचं आणि मागून येणारी वाफ त्यालाच आपटायची. मला हे फारच पटलं. तुंबवलं की आदळआपट होणारच! मी ह्यावर पत्रक काढायला तयार होते. “पत्रक नंतर काढ,” काका म्हणाले, “आधी ही पट्टी धर.” प्रत्येक रेडिएटरच्या पलीकडच्या पायांखाली लाकडी पट्ट्या सारून त्यांनी त्याला, वाफ जिथून आत येते त्या व्हॉल्व्हच्या बाजूला, किंचित कलतं केलं. सगळ्यात शेवटी लेकीच्या खोलीतला.

त्यानंतरच्या दुपारी ती सलग झोपली. उठून आली ती हसतच. “बाबा, स्वीट अ‍ॅज! एकदम मस्त! हीट पंप कॅन्सल. आता तुम्ही आराम करा.”

काकांनी पाइपला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ ऐकलं. “सगळे बरे झाले,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “तुझ्या घरी काही वाजतं का गं?”

माझ्या पापाकुरातल्या फ्लॅटमध्ये असले पाइपच नाहीत. “वाजतो ना, काका,” मी म्हटलं. “फ्रिज.”

रविवारी येणार आहेत. इस्त्रीचा शर्ट घालून.

तुमच्याही घरात आज काहीतरी कुरकुरत असेल. ते तुम्ही दुरुस्त करू नका. ज्याला आराम करायला सांगितलंय, त्याला हाक मारा.