बसलेली विहीण

बुधीचा डावा पाय लहानपणापासून वाळलेला. गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. पण बसून करायच्या कामात तिचा हात धरणारी बाई पाड्यात नव्हती. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं, तेव्हा नवरा झिपरू तिला खडी फोडायला घेऊन गेला. खडी काही पायानं फोडत नाहीत. तरी मुकादमानं तिला दहा पावलं चालायला लावलं आणि परत पाठवलं.

झिपरूनं त्यातून भलताच धडा घेतला. लेक जमुना हिचं लग्न मनोरकडच्या चिंधूशी ठरलं, तेव्हा त्याला एकच धसका बसला. आईचा पाय पाहून सोयरीक मोडली तर?

"रगतातच खोट हाय म्हनतील," तो बुधीला म्हणाला. "तू बसून ऱ्हा. बसलेली बाय कोनाला लंगडी दिसत नाय." जमुनालाही त्यानं गप्प राहायची शपथ घातली. शहाणाच मोठा!

लग्नादिवशी पहाटे दोन बायांनी बुधीला कणगीसारखं उचलून मांडवात आणलं, भिंतीला टेकवलं, पायांवर लुगडं पसरलं. उठावं लागेल म्हणून ती दिवसभर पाणीसुद्धा प्यायली नाही. चिंधूची आई लाडकी हात पसरून भेटायला आली. विहिणीनं उठून गळ्यात पडायचं, मग दोघींनी मिळून नाचायचं, असा तिथला रिवाज. बुधीनं बसल्या जागेवरून हात जोडले. लाडकीनं पसरलेले हात मागे घेतले आणि ती तोंड फिरवून निघून गेली. लेक निघाली तेव्हाही बुधी जागची हलली नाही. लेक सासरी जाताना आईला उठू न देणं, याहून मोठा दुष्टपणा तो कोणता? पण सोयरीक टिकली, यातच बुधीनं समाधान मानलं.

पुढच्या वर्षी भातकापणीत सांगावा आला. जमुना दोन दिवस अडली आणि बाळंतपणातच गेली. मूलही गेलं.

झिपरू तारापूरला कामावर होता. बुधी काठी घेऊन एकटीच निघाली. अकरा मैल चालून दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचली. लाडकी अंगणात भात पाखडत होती. पाय ओढत येणारी बाई कोण, हे तिला आधी ओळखूच आलं नाही.

"दोन दिस व्हते," बुधी म्हणाली. "मला का नाय बोलावलं?"

"तुलाच हाका मारत व्हती ती," लाडकी म्हणाली. "मीच म्हनलं, जी मांडवात उठली नाय, ती इथवर काय येल."

बुधीनं लुगडं वर करून पाय पुढे केला. लाडकीनं सूप खाली ठेवलं. जवळ येऊन बसली आणि त्या वाळलेल्या पायावरून हात फिरवला.

"येवढंच व्हतं?" ती म्हणाली. "आदी सांगलं असतंस, तर गाडी धाडली असती गं."